बेचाळीस अंशांत टिकेल तोच फ्रिज

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या माजलगाव, धारूर, वडवणी, परळी या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर बांधाबांध सुरू होते. दिंद्रुड-तेलगावच्या परिसरातूनही ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कोपीचे, म्हणजे फडावरच्या झोपडीचे बांबू, ताडपत्री, ज्वारी-बाजरीची पोती, चुलीचे सामान, पाण्याचे पिंप, दोन-चार कोंबड्या आणि लहान मुले चढतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. पुढचे पाच-सहा महिने सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर किंवा थेट कर्नाटकातल्या फडावर काढायचे असतात. जवळजवळ सगळा संसार सोबत जातो. घरात फ्रिज असलाच तर तो कुलपाआड राहतो, कारण कोपीत वीज नसते.

त्याच दिवसांत पुण्या-मुंबईहून लडाख, स्पिती, कच्छ, हंपीकडे गाड्या निघतात. त्यांच्या डिकीत अलीकडे एक लहान पेटी दिसू लागली आहे: गाडीच्या बॅटरीवर चालणारा पोर्टेबल फ्रिज. बाजारात असे फ्रिज अनेक आले आहेत आणि त्यांच्या जाहिरातींत तंबू, तळे आणि थंडगार बाटल्या असतात. मात्र रस्त्यावर राहणाऱ्या माणसाची गरज सहलीपेक्षा मोठी आहे. टोळीतल्या एखाद्या मधुमेही आईचे इन्सुलिन, लेकराचे दूध, बैलांची लस यांनाही थंडावा लागतो. म्हणूनच पोर्टेबल फ्रिज कसा निवडावा, हा प्रश्न मराठवाड्याच्या उन्हात उभे राहून विचारायला हवा. इथे जो टिकेल तो लडाखलाही टिकेल. उलटे मात्र घडेलच असे नाही.

ग्राहक दुकानात जातो तेव्हा पहिला प्रश्न लिटरचा आणि दुसरा किमतीचा विचारतो. विचारायला हवेत ते प्रश्न वेगळेच: बाहेर ४२ अंश असताना आत किती अंश राहतील? चोवीस तासांत किती वीज खाईल? वीज तुटल्यावर थंडावा किती तास टिकेल? या तिन्हींची लेखी उत्तरे ज्या फ्रिजवर नाहीत, तो दूरच्या वाटेसाठी घेऊ नये.

त्याआधी एक पायरी आहे. फ्रिज लागतोच का, हे तपासायला हवे. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ९३ वॅट-तास उष्णता शोषून घेतो. म्हणजे पाच किलो बर्फात साडेचारशेहून अधिक वॅट-तासांचा थंडावा साठवलेला असतो, आणि तो बॅटरी, वायर, कंप्रेसर असे काहीही न मागता मिळतो. जाड फोमच्या लहान पेटीत एवढा बर्फ साधारण एक दिवस काढतो. अक्कलकोट-तुळजापूरचा एका मुक्कामाचा प्रवास असेल, वाटेत दर पन्नास किलोमीटरवर बर्फ मिळत असेल, तर चांगली आइस-बॉक्स पुरते. फ्रिजचे वाचलेले पैसे पेटीच्या जाड भिंतीवर आणि झाकणाच्या चांगल्या रबरावर खर्चावेत.

नुसत्या बर्फावर भागते याचा सर्वांत मोठा पुरावा गावोगावच्या लसीकरणात आहे. आरोग्यसेविका खांद्याला अडकवून नेते त्या लसवाहक पेटीत वीज नसते, चार आइस-पॅक असतात. त्यावर लस दिवसभर २ ते ८ अंशांत राहते. फ्रीझरमधून काढलेला पॅक ती लगेच पेटीत ठेवत नाही. थोडा वेळ बाहेर ठेवून, हलवून पाहते आणि आत पाण्याचा आवाज आल्यावरच वापरते. कारण पूर्ण गोठलेल्या पॅकला चिकटून काही लसी गोठतात आणि निकामी होतात. थंडी कमी पडणे जसे घातक, तशी जास्त होणेही घातक, हे पोर्टेबल फ्रिज घेणाऱ्याने या सेविकेकडून शिकून घ्यावे.

प्रवास दोन-तीन दिवसांहून लांबला, बर्फाचे दुकान वाटेत नसले किंवा औषध सांभाळायचे असले, की फ्रिजला पर्याय उरत नाही. बाजारात त्याचे तीन प्रकार आहेत आणि बाहेरून ते बरेचसे सारखे दिसतात. फसगत होते ती इथेच.

पहिला प्रकार थर्मोइलेक्ट्रिक. फ्रान्सच्या पेल्तिए यांनी १८३४ साली दाखवून दिले की दोन वेगळ्या धातूंच्या जोडातून वीज गेली की एक बाजू गार होते, दुसरी तापते. याच तत्त्वावर एक लहानशी चिप आणि पंखे लावून ही पेटी बनते. ती हलकी, स्वस्त आणि कमी आवाजाची असते, हादऱ्यांनी बिघडत नाही. पण तिची एक मर्यादा कोणतीही जाहिरात ठळक अक्षरांत सांगत नाही: ती बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जाऊ शकते. महाबळेश्वरला बाहेर २५ अंश असतील तर आतले ७-८ अंश छान वाटतात. दिंद्रुडला मे महिन्यात बाहेर ४२ असताना तीच पेटी आत २२ ते २७ अंश ठेवते. पाणी गारसर लागेल, दूध मात्र संध्याकाळपर्यंत नासेल.

या प्रकाराची सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत बोधप्रद कहाणी महाराष्ट्रातच, बीडच्या शेजारी घडली. गोदरेज अँड बॉईस कंपनीने खेड्यातल्या घरांसाठी ‘छोटूकूल’ नावाचा फ्रिज तयार करायचे ठरवले. त्यासाठी २००८ साली तेव्हाच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, सहाशेहून अधिक महिलांना बोलावून त्यांच्याशी चर्चा करत रचना ठरवण्यात आली. वरून उघडणारे झाकण, ४३ लिटरची जागा, आठ किलोच्या आत वजन, १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालण्याची सोय आणि चार हजार रुपयांच्या आतली किंमत. कंप्रेसर नाही, थंड करणारी चिप आणि पंखे. साध्या फ्रिजच्या तुलनेत सुटे भाग अगदी मोजके. विक्रीसाठी टपाल खात्याचीही मदत घेतली गेली.

विचार उत्तम होता. वरून उघडणाऱ्या झाकणामागे शास्त्र आहे: थंड हवा जड असते, ती खाली बसून राहते आणि झाकण उघडल्याबरोबर सांडत नाही. आज जगातले बहुतेक चांगले पोर्टेबल फ्रिज याच धाटणीचे आहेत. तरीही छोटूकूल खेड्यात अपेक्षेइतका रुजला नाही आणि पुढे तो शहरी घरे, गाड्या आणि लहान दुकाने यांच्याकडे वळवला गेला. ज्या घराने पहिला फ्रिज घ्यायचा, ते घर थोडे थांबून, पैसे जमवून, बर्फ करणारा पूर्ण फ्रिज घेणे पसंत करते, असा धडा त्यातून अनेकांनी घेतला. त्याला आणखी एक कारण जोडायला हवे. ज्या मुलखात उन्हाळा चाळिशी ओलांडतो, तिथे ‘हवेपेक्षा वीस अंश कमी’ हे माप अपुरेच पडणार. धाराशिवच्या बायकांची गरज खरी होती, पण त्यांच्या हवेला ती चिप पुरी पडणारी नव्हती.

दुसरा प्रकार शोषण पद्धतीचा, गॅसच्या ज्योतीवरही चालणारा. बाल्ट्झर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोमच्या दोन तरुण विद्यार्थ्यांनी तो १९२२ साली शोधला आणि इलेक्ट्रोलक्सने तो जगभर नेला. त्यात हलणारा भाग नाही, आवाज नाही. युरोपातल्या कॅरव्हॅनमध्ये तो अजून दिसतो. पण तो सपाट जमिनीवरच नीट चालतो, कडक उन्हात दमतो, आणि चालत्या गाडीत ज्योत पेटती ठेवणे जिवाशी खेळ आहे. आपल्या वाटांसाठी तो बाजूला ठेवावा.

तिसरा प्रकार कंप्रेसरचा. घरच्या फ्रिजमधलीच ही यंत्रणा, फक्त १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारी. डेन्मार्कच्या डॅनफॉसचे लहान डीसी कंप्रेसर बोटींत आणि ट्रकांत वर्षानुवर्षे चालले. तो व्यवसाय आता सेकॉप या नावाने चालतो. जपानच्या सावाफुजीने १९६० च्या दशकात वेगळ्या धाटणीचा, अगदी मोजके हलते भाग असलेला कंप्रेसर आणला. ‘एंगेल’ नावाचे त्याचे फ्रिज ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात, जिथे पुढचा पेट्रोलपंप शेकडो किलोमीटरवर असतो, तिथल्या लोकांनी अक्षरशः दशकानुदशके वापरले. कंप्रेसरचा फ्रिज बाहेर ४२ अंश असतानाही आत ४ अंश ठेवू शकतो आणि हवे तर बर्फही करतो. किंमत थर्मोइलेक्ट्रिक पेटीच्या कित्येक पट असते. मराठवाड्यासाठी निवड मात्र हीच.

विजेचा हिशेबही कंप्रेसरच्याच बाजूने पडतो, आणि तो नीट मांडायला हवा, कारण दुकानातली पाटी इथे दिशाभूल करते. थर्मोइलेक्ट्रिक पेटीवर ५५ वॅट लिहिलेले असते, कंप्रेसरच्या फ्रिजवरही ५०-६० वॅट. आकडे सारखे पाहून ग्राहक स्वस्त पेटी उचलतो. पण साधी थर्मोइलेक्ट्रिक पेटी उन्हात थांबतच नाही. चोवीस तास ५५ वॅट म्हणजे दिवसाला १.३ युनिट. कंप्रेसर आतले तापमान गाठले की बंद होतो आणि गरज पडली की पुन्हा सुरू होतो. तो निम्मा वेळ चालला असे धरले तर दिवसाला सहाशे-सातशे वॅट-तास लागतात. थंडीच्या दिवसांत त्याहून बरेच कमी.

आता बॅटरीकडे वळू. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी कागदावर १,२०० वॅट-तास देते. तिचे आयुष्य राखायचे तर निम्मेच वापरावे, म्हणजे ६००. त्यावर कंप्रेसरचा फ्रिज साधारण एक दिवस निघतो, थर्मोइलेक्ट्रिक पेटी अकरा तासांत बॅटरी रिकामी करते. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची तेवढ्याच क्षमतेची बॅटरी हजाराहून अधिक वॅट-तास बिनघोर देते आणि वजनाने बरीच हलकी असते, पण महाग पडते. महिनोन्‌महिने वाटेवर राहणाऱ्याला ती शेवटी परवडते.

गाडीची किंवा ट्रॅक्टरची स्टार्टरची बॅटरी या कामासाठी नसते. ती क्षणभर मोठा झटका देऊन इंजिन चालू करण्यासाठी बनलेली असते. रोज खोलवर रिकामी केली तर काही महिन्यांत मरते. रात्रभर फ्रिज चालला आणि पहाटे फडावर ट्रॅक्टर चालूच झाला नाही, तर टोळीचा दिवस जातो. म्हणून फ्रिजमध्ये बॅटरी-संरक्षण असलेच पाहिजे: ठरावीक व्होल्टच्या खाली गेल्यावर तो आपोआप बंद व्हावा. चांगल्या फ्रिजमध्ये याच्या तीन पातळ्या असतात. स्टार्टरच्या बॅटरीवर चालवताना सर्वांत वरची पातळी लावावी, वेगळ्या बॅटरीवर असताना खालची. ट्रकवर नेणाऱ्यांनी फ्रिज २४ व्होल्टवरही चालतो ना, हे पाहावे.

वायरकडे कुणी लक्ष देत नाही आणि बहुतेक तक्रारी तिथूनच उगवतात. बॅटरी पुढे, फ्रिज मागे, मध्ये चार मीटरची दीड चौरस मिलिमीटरची वायर असेल, तर पाच अँपिअरला जाता-येता जवळपास अर्धा व्होल्ट वाटेतच हरवतो. बॅटरी भरलेली असूनही फ्रिजला ती रिकामी वाटते आणि तो बंद पडतो. लोक फ्रिजला दोष देतात. चार चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर हीच घट ०.२ व्होल्टच्या आत येते. सिगारेट-लायटरच्या सॉकेटमध्ये हादऱ्यांनी पिन सैल होते. त्याऐवजी बॅटरीपासून थेट जाड वायर, बॅटरीजवळ फ्यूज आणि घट्ट बसणारे सॉकेट. गावातला कोणताही ऑटो-इलेक्ट्रिशियन हे काम करून देतो.

सौर पॅनेलची साथ मराठवाड्यात उत्तम मिळते. स्वच्छ उन्हात १०० वॅटचे पॅनेल दिवसाला साधारण ४०० वॅट-तास देते. त्यावर लहान फ्रिजचे हिवाळ्यात भागते. उन्हाळ्यासाठी २०० वॅट धरावेत. ऊसतोडीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल असा चालतो, आणि या काळात आकाश बहुतांशी निरभ्र असते. पावसाळ्यात कोकणात फिरणाऱ्याने मात्र पॅनेलवर विसंबू नये.

आता उष्णतेच्या पाटीकडे. फ्रिजच्या मागे किंवा माहितीपत्रकात हवामान-वर्ग लिहिलेला असतो: एसएन, एन, एसटी, टी अशी इंग्रजी अक्षरे. एसएन आणि एन वर्ग बाहेरच्या ३२ अंशांपर्यंत, एसटी ३८ पर्यंत आणि टी ४३ पर्यंत चाचणी केलेला. बीड, लातूर, परभणी, विदर्भ इथल्या ग्राहकाने टी सोडून दुसऱ्या वर्गाकडे पाहूच नये. आणि ही मर्यादा सावलीतल्या हवेची आहे. उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीतले तापमान अर्ध्या-पाऊण तासातच बाहेरच्यापेक्षा कितीतरी वर जाते. तिथे टी वर्गाचा फ्रिजही हरतो. गाडी सावलीत लावावी, काचा किंचित उघड्या ठेवाव्यात, फ्रिजच्या जाळीसमोर वीतभर जागा मोकळी सोडावी. थंडावा टिकावा म्हणून फ्रिजवर गोधडी पांघरणारे लोक नकळत जाळीही झाकतात आणि कंप्रेसरचा जीव गुदमरवतात. पांघरायचे असेल तर जाळी सोडून.

शेताच्या रस्त्यांवरची धूळ आणि हादरे हा पुढचा मुद्दा. जाळीवर धूळ बसली की उष्णता बाहेर पडत नाही. आठवड्यातून एकदा ब्रशने झाडावी. झाकणाच्या कड्या धातूच्या हव्यात. फ्रिज पट्ट्याने बांधलेला हवा, कारण भरलेली तीस किलोची पेटी अचानक ब्रेक लागल्यावर गाडीतल्या माणसांवर येते. तो आडवा करून आणला असेल, तर उभा ठेवून काही तास थांबावे, मगच चालू करावा. खरेदीआधी एक प्रश्न दुकानदाराला विचारावाच: हा बिघडला तर माजलगाव, परळी किंवा बीडमध्ये कोण दुरुस्त करेल, आणि त्याचे कंट्रोल-कार्ड मिळते का? ऑनलाइन स्वस्तात मिळालेला अनोळखी फ्रिज कार्ड जळाल्यावर पत्र्याची पेटी होऊन पडतो. ज्याचे सुटे भाग देशात मिळतात तो चार हजारांनी महाग असला तरी घ्यावा.

आकाराचा प्रश्न आता शेवटी. औषधांसाठी आणि एखाद्या लिटर दुधासाठी १५ लिटर पुरतात. चौघांच्या आठवड्याच्या प्रवासाला ३० ते ४० लिटर. त्याहून मोठा फ्रिज अर्धा रिकामा फिरतो आणि वीज खातो. फ्रिज आणि सामान दोन्ही घरच्या विजेवर आदल्या दिवशी थंड करून घ्यावेत. दहा लिटर पाणी ३५ अंशांवरून ५ वर आणायला साडेतीनशे वॅट-तास उष्णता काढावी लागते. ते काम बॅटरीवर करायला लावले तर पहिल्याच दिवशी हिशेब कोलमडतो.

आणि सहलीला निघण्याआधी घरी चाचणी. एक साधा डिजिटल थर्मामीटर आत ठेवून, फ्रिज दुपारच्या उन्हाच्या वेळी ओसरीत सावलीत, त्याच बॅटरीवर, त्याच वायरीने तीन दिवस चालवावा. फ्रिजच्या पडद्यावरचा आकडा सेन्सरच्या जागेचा असतो. तळाशी आणि झाकणाजवळ फरक निघतो. सकाळ, दुपार, रात्र आकडे लिहून ठेवावेत. चाचणीत न टिकणारा फ्रिज परतीच्या मुदतीत परत करता येतो. लेहच्या रस्त्यावर नाही.

इन्सुलिन ठेवणाऱ्यांसाठी तर ही चाचणी बंधनकारक मानावी. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. कंप्रेसरच्या फ्रिजमध्ये भिंतीला चिकटलेली कुपी गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी वापरायचे नसते. म्हणून फ्रिज ५ अंशांवर लावावा आणि कुपी डब्यात, कापडात गुंडाळून, भिंतीपासून दूर ठेवावी. वापरात असलेली कुपी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे साधारण चार आठवडे २५-३० अंशांपर्यंत बाहेर चालते. याहून अधिक उष्णतेबाबत एक दिलासादायक अभ्यास आहे. जिनिव्हा विद्यापीठ आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ यांनी उत्तर केनियातल्या दगाहले निर्वासित छावणीच्या हवेचा, २५ ते ३७ अंशांमधल्या चढउतारांचा, अभ्यास करून २०२१ मध्ये दाखवले की अशा हवेत चार आठवडे राहिलेले इन्सुलिन थंडाव्यातल्या इन्सुलिनइतकेच प्रभावी राहिले. म्हणजे कोपीत राहणाऱ्या रुग्णाने फ्रिज नाही म्हणून इंजेक्शन बंद करू नये. डॉक्टरांना विचारून, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात, कोरड्या डबीत बंद करून कुपी ठेवता येते. मराठवाड्याची उन्हाळी हवा कोरडी असल्याने मडक्यातला थंडावा इथे चांगला उतरतो. पावसाळी दमट हवेत तो उतरत नाही. महिन्याभराच्या पुढचा साठा मात्र खऱ्या फ्रिजमध्येच हवा.

सर्पदंशावरच्या औषधासाठी फ्रिज घेऊन फिरावे असे काहींना वाटते. त्याची गरज नाही. आपल्याकडे ते बहुधा भुकटीच्या रूपात येते आणि ती साध्या तापमानाला टिकते; शिवाय ते दवाखान्यातच द्यायचे असते. फडावर साप चावला तर फ्रिज शोधू नये, वाहन शोधावे.

इथवरचा सल्ला ज्याच्या हातात पैसे आहेत त्याच्यासाठी झाला. ज्याच्या अंगावर उचल आहे, त्याला चांगला कंप्रेसर फ्रिज घ्या म्हणणे क्रूरपणाचे ठरेल. पण हा खर्च एका कुटुंबाने करायचाच नाही. दहा-बारा कोयत्यांच्या, म्हणजे तेवढ्या नवरा-बायकोच्या जोड्यांच्या टोळीला एक १५-२० लिटरचा फ्रिज, एक लिथियम बॅटरी आणि २०० वॅटचे पॅनेल एवढे पुरते. औषधे आणि लेकरांचे दूध यांच्यासाठी ते सगळ्यांचे. कारखान्याच्या आवारात किंवा तळावर उतरणाऱ्या टोळ्यांना तर पोर्टेबल फ्रिजही लागत नाही. राज्यातले अनेक साखर कारखाने बगॅसपासून सहवीजनिर्मिती करतात आणि वीज विकतात. ज्या उसाच्या चिपाडावर ती वीज बनते तो ऊस ज्यांनी तोडला, त्यांच्या औषधांसाठी गेटजवळच्या खोलीत एक साधा घरगुती फ्रिज, एक थर्मामीटर आणि नोंदवही ठेवणे कोणत्याही कारखान्याला जड नाही. ते न होण्याचे कारण पैसा नसून, ही गरज कुणी मांडलेली नाही, हे आहे.

लोकनेते गोपीनाथराव मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे १० रुपये कारखान्यांकडून घेण्याचे धोरण राज्य सरकारने ठरवलेले आहे. टोळीमागे एक शीतपेटी, ही मागणी त्या निधीत सहज बसते. वाटप करायचे तर निविदेत ‘मिनी फ्रिज’ एवढेच लिहून चालणार नाही. तसे लिहिले तर सर्वांत स्वस्त थर्मोइलेक्ट्रिक पेट्या येतील आणि मार्चपर्यंत त्यांत कपडे ठेवले जातील. कंप्रेसरचा, टी वर्गाचा, बॅटरी-संरक्षण असलेला, दोन वर्षांची हमी आणि जिल्ह्यात दुरुस्ती असलेला, असे शब्द निविदेत असावे लागतील.

उत्पादकांकडूनही अपेक्षा आहे. जागतिक आरोग्य संघटना लसींच्या फ्रिजना मान्यता देताना उष्ण प्रदेशासाठी ४३ अंशांत चाचणी घेते आणि वीज गेल्यावर थंडावा किती तास टिकतो ते जाहीर करायला लावते. त्यांतले काही फ्रिज बॅटरीशिवाय, दिवसा उन्हावर बर्फ करून रात्र काढतात. गोदरेजनेही लसींसाठी असे दीर्घकाळ थंडावा राखणारे फ्रिज बनवले आहेत. म्हणजे तंत्र देशात आहे. सहलीच्या फ्रिजवर मात्र लिटर, रंग आणि ब्लूटूथ यांचीच जाहिरात होते. ४३ अंशांतले आतले तापमान, ४३ अंशांतली दिवसाची वीज आणि वीज गेल्यानंतरचे तास, हे तीन आकडे प्रत्येक पोर्टेबल फ्रिजवर छापणे सक्तीचे करावे. लडाखला जाणारा आणि फडावर जाणारा, दोघांच्याही उपयोगाची ही एकच पाटी आहे.

ती सक्ती येईपर्यंत ग्राहकाने आपल्या परीने ती आणावी. दुकानात हे तीन आकडे विचारावेत, उत्तर न देणाऱ्याकडून पेटी घेऊ नये. आणि ज्यांच्या गावातून टोळ्या जातात, त्या ग्रामपंचायतींनी येत्या दसऱ्याच्या आत मुकादमांकडून टोळीतल्या इन्सुलिन घेणाऱ्यांची संख्या नावे न फोडता घ्यावी, प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावी आणि ज्या कारखान्याकडे टोळी चालली आहे त्याच्या शेतकी अधिकाऱ्याला एक पत्र लिहावे: आमची माणसे येत आहेत, त्यांच्या औषधांसाठी फ्रिजची एक फळी रिकामी ठेवा.